बावीस नंबरचा दगड

दगड नीट बघायचा तर तो आधी ओला करावा लागतो. कोरड्या दगडावर धूळ असते, कण एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. पाणी लागलं की काळ्यातलं हिरवट वेगळं होतं, पांढरं उजळून येतं. आमच्या कॉलेजच्या भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत दोन नळ आहेत आणि तीन वर्षांत त्यांतून पाणी आलेलं मी पाहिलेलं नाही. सोलापुरात माणसांनाच चार-पाच दिवसांनी पाणी येतं, दगड धुवायला कुठून येणार? म्हणून आमच्याकडे दगडाला थुंकी लावतात. बोट जिभेवर टेकवायचं, दगडावर फिरवायचं आणि ओलं आहे तोवर भिंगातून बघायचं. घाईत असलेली मुलं बोटाचाही त्रास घेत नाहीत, दगडच जिभेला लावतात.

पहिल्या प्रॅक्टिकलला माझ्या हातात आलेला दगड तुळतुळीत होता. मला वाटलं, हा त्याचा गुणधर्म असावा. मी वहीत 'पृष्ठभाग गुळगुळीत' असं लिहूनही टाकलं. मग तो नाकाजवळ आला तेव्हा कळलं. त्याला माव्याचा वास येत होता, सुपारी-तंबाखू-चुन्याचा. कित्येक वर्षांच्या मुलांच्या थुंकीचा आणि अंगठ्यांच्या मळाचा तो थर होता. मी दगड खाली ठेवला, हात ओढणीला पुसला, आणि मग ओढणीचीच किळस यायला लागली.

"काय झालं?" शेजारची मैत्रीण म्हणाली. "लाव की थुंकी. स्वतःच्या थुंकीची काय घाण वाटायची?"

"माझी एकटीची कुठंय यावर?"

ती हसली. मग मीही लावली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी दुसऱ्यांबद्दल बरंच वाईट लिहिणार आहे.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, सातवीपर्यंत शिकले आणि माढा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर आहेत. आई शेतात जाते. भूशास्त्र मी आवडीनं निवडलं असं म्हणता येणार नाही. केमिस्ट्रीच्या यादीत माझा नंबर खाली होता आणि इकडे जागा शिल्लक होत्या. पण दुसऱ्या वर्षी अग्निज खडक शिकवायला घेतले तेव्हा मला ते खरोखर कळायला लागलं. एखादा विषय खरोखर कळण्याची मला सवय नव्हती, त्यामुळे सुरुवातीला मी जरा घाबरलेच.

जमिनीखाली फार खोल दगड वितळतो, त्याला शिलारस म्हणतात. तो थंड होऊन घट्ट झाला की अग्निज खडक. पण तो कुठं थंड झाला यावर पुष्कळ अवलंबून असतं. खोल आतच, अतिशय हळू थंड झाला तर त्यातल्या खनिजांना वाढायला सवड मिळते. स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसण्याएवढे होतात. ग्रॅनाइट तसा, गॅब्रो तसा. लाव्हा होऊन वर आला आणि उघड्यावर गोठला तर कण इतके बारीक राहतात की भिंगातूनही धड दिसत नाहीत. तो बेसाल्ट, आपला नेहमीचा काळा दगड, ज्याच्यावर सगळा सोलापूर जिल्हा उभा आहे. आणि अगदी झटक्यात गोठला तर कण धरतच नाहीत, काच होते. मला हे लगेच पटलं, कारण साखरेचंही तसंच असतं. खडीसाखरेचे मोठे खडे धरायला पाक कितीतरी दिवस न हलवता ठेवावा लागतो. तोच पाक ताटलीत ओतून एकदम गार केला की चकचकीत गोळी होते, तिला कण नसतो.

मी हे आमच्या मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "छान आहे. पण पेपरात लिहू नकोस हं, तपासणाऱ्याला झेपणार नाही."

दुसरी विभागणी दगड कशाचा बनला यावरून. सिलिका भरपूर असेल तर दगड फिका आणि वजनाला हलका. तो आत गोठला तर ग्रॅनाइट, वर गोठला तर ऱ्हायोलाइट. सिलिका कमी आणि लोह-मॅग्नेशियम जास्त असेल तर काळा आणि जड. आत गॅब्रो, वर बेसाल्ट, मधेच अडकून गोठला तर डोलेराइट. कुठं गोठला आणि कशाचा बनला, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की नाव मिळतं. पाठ करायचं काही नव्हतं, फक्त बघायचं होतं.

त्या मैत्रिणीचं घर जुळे सोलापुरात आहे. एकदा तिच्याकडे जेवायला गेले तेव्हा तिच्या आईनं नवा ओटा दाखवला, काळाभोर, आरशासारखा. "ब्लॅक ग्रॅनाइट आहे," त्या म्हणाल्या. मी वाकून बघितलं आणि न राहवून बोलले, "काकू, ग्रॅनाइट एवढा काळा नसतो. हा गॅब्रो किंवा डोलेराइट असेल." त्यांचा चेहरा पडला. मैत्रीण म्हणाली, "आई, लक्ष देऊ नको. ती आमच्या भिंतीलाही एखादं नाव ठेवेल." सगळे हसले, मीही हसले, पण हॉस्टेलवर परत येताना वाटलं की त्या बाईंना नाव नको होतं, दुकानदारानं सांगितलेलं तेच ऐकायचं होतं.

प्रयोगशाळेत तर कुणालाच बघायचं नव्हतं. आमच्या आधीच्या मुलांनी एक यादी करून ठेवली होती, तिला सगळे 'कुंडली' म्हणत. व्हॉट्सॲपवर ती दरवर्षी खालच्या वर्गाकडे जाते. त्यात दगडांची नावं होती आणि नावांपुढे त्यांच्या जखमा. कोपरा तुटलेला तो गॅब्रो. निळ्या शाईचा डाग तो ऱ्हायोलाइट. नेलपॉलिश लागलेला पेग्माटाइट. परीक्षेत नंबरावर कागद चिकटवतात, पण जखमा झाकत नाहीत. म्हणून मुलं पाच सेकंदांत नाव लिहितात आणि मग पुस्तकातलं वर्णन उतरवतात: स्फटिक मोठे, रंग फिका, वगैरे. दगडाकडे मान वर करून कुणी बघतही नाही. आणि वर्णनं अचूक असतात. या अचूकपणाची मला थुंकीपेक्षा जास्त किळस यायला लागली. मी मात्र ती यादी मोबाइलमधून काढून टाकली नाही. असू द्यावी, म्हटलं.

कुंडलीत बावीस नंबरपुढे लिहिलं होतं: 'स्कोरिया. भोकातून बारीक तार दिसते.'

स्कोरिया म्हणजे भोकाभोकांचा ज्वालामुखी दगड. लाव्हा वर येताना त्यातले वायू फसफसतात, बुडबुडे निघून जायच्या आत दगड गोठतो आणि भोकं तशीच राहतात. मी ती ओळ दहा वेळा वाचली असेन. तिसऱ्या वर्षी एका दुपारी तो दगड हातात होता, नखाला तार टोचली, आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात आलं की लाव्हात तार कुठून येईल.

मी फोटो काढला आणि रविवारी घरी गेल्यावर आप्पांना दाखवला. त्यांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला.

"ह्यो आमचा किलिंकर हाय की. कुटं घावला तुला?"

क्लिंकर म्हणजे बॉयलरच्या जाळीवर राख आणि माती वितळून जमणारी ढेकळं. उसाचा पिळून राहिलेला भुसा तिथं जाळतात, त्याला चिकटून आलेली माती आत वितळते. आप्पा ती ढेकळं लांब सळईनं फोडून ओढून काढतात.

"कॉलेजच्या कपाटात आहे," मी म्हणाले. "ज्वालामुखीतला दगड म्हणून."

आप्पा एवढे हसले की त्यांना खोकला लागला. "म्हंजे मी रोज ज्वालामुकी काडतोय व्हय? आन ही तार बग. भुश्याच्या गाटीची हाय. गाटी तारंनं बांदत्यात, ती निघत न्हाय, तशीच जाती आत."

मग त्यांनी फोन लावून कारखान्यातल्या दोघांना सांगितलं. माझ्या शिक्षणातलं आप्पांना कळणारं हे पहिलंच काही होतं. इतकी वर्षं ते फक्त 'जेवली का' आणि 'पास झाली का' एवढंच विचारत. निघताना एसटीपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "परिक्शेत आला तर लिव बरं का. बॉयलरातला हाय म्हनून लिव. कोण इचारलं तर सांग, माजा बाप काडतो."

मी मान हलवली.

प्रयोगशाळेची सगळी मांडामांड ज्यांच्याकडे आहे त्या शिपायांना आम्ही मामा म्हणतो. ते कंत्राटावर आहेत. मी त्यांना हळूच विचारलं, "मामा, बावीस नंबर कुठून आणलाय?"

"लई खोलात नका जाऊ, ताई."

"सांगा की. मी कुणाला बोलणार नाही."

त्यांनी दाराकडे पाहिलं. खरा दगड होता, म्हणाले, कुणा जुन्या सरांनी लांबून आणलेला. तो त्यांनी एकदा घरी नेला, पाय घासायला. टाचा घासायची वजरी म्हणतात ना, त्याला एकदम बरोबर. "आमच्या मालकिणीला लई आवाडली. वरीसभर वापरली. मग मॅडम म्हनल्या मोजदाद हाय, तवा आनून ठिवली परत. पर झिजून साबनाच्या वडीगत झालती. एक वर्ष तशीच चालवली. पुढं कमिटी येनार म्हनल्यावर ह्यो आनला. मेव्हना टरकवर हाय, तिकडं कारखान्यामागं ढीग असत्यात. भोकं हायत, काळा हाय. आट वर्सं झाली, कुणी इचारलं न्हाय बगा."

मला त्या मधल्या एका वर्षाचं गणित लागेपर्यंत थोडा वेळ गेला. त्या वर्षीच्या मुलांनी मामींच्या टाचांची वजरी जिभेला लावून तपासली होती आणि वर्णन लिहिलं होतं. सगळे पास झाले असणार. मी बाहेर जाऊन व्हरांड्यात उभी राहिले. तोंडात पाणी सुटत होतं, उलटीच्या आधी सुटतं तसं.

मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "ई, गप. मला डबा खायचाय." आणि खाऊन झाल्यावर म्हणाली, "हे बघ, तू मात्र शहाणपणा करू नकोस. स्कोरिया लिही आणि मोकळी हो. एम.एस्सी.ला जायचंय ना?"

जायचं होतं. जागा थोड्या असतात आणि प्रवेश मार्कांवर मिळतो. थिअरीत मी मधली होते. प्रॅक्टिकलवरच माझी भिस्त होती.

परीक्षेच्या दिवशी ट्रेमधला तिसरा दगड बावीस नंबर होता. नंबरावर कागद चिकटवलेला, तार बाहेर डोकावलेली. मी बराच वेळ काहीच लिहिलं नाही. मामा पलीकडे खडू-डस्टर लावत होते, त्यांनी खाकरून मला 'लिहा' असं सुचवलं. मी लिहिलं: 'क्लिंकर. बॉयलरमधला. नैसर्गिक खडक नाही, म्हणून अग्निज खडकांत वर्गीकरण करता येत नाही.' अक्षर बरं आलं.

बाहेरगावाहून आलेले परीक्षक सर टेबलापाशी आले. पेपर वाचता वाचता थांबले.

"हे काय लिहिलंय?"

"सर, तो... मला वाटतं तो दगड नाही."

"वाटतं?"

"नाही, सर. नाहीच. त्यात तार आहे. माझे वडील बॉयलरवर आहेत, ते काढतात हे."

सरांनी तो उचलला, खिडकीकडे धरला, नखानं तार हलवली. बावीस नंबरकडे नीट बघणारं आप्पांनंतरचं हे दुसरं माणूस. मला फार बरं वाटलं. सगळं सुटलं असंच वाटलं.

"खरंच की," ते हसून म्हणाले. "मॅडम, या जरा. हे काय ठेवलंय तुम्ही?"

मॅडम आल्या. त्यांनी पाहिलं, त्यांचे कान लाल झाले. "जुना संच आहे, सर. बदलायचा आहेच."

"बदला." सरांनी दगड ट्रेमध्ये ठेवला आणि माझ्याकडे वळले. आवाज अगदी मायेचा होता. "हे बघ, तुझं बरोबर आहे. पण यादीत स्कोरिया आहे आणि मला यादीप्रमाणे मार्क द्यावे लागतात. हे ठेवलंस तर शून्य. शिवाय मला शेरा लिहावा लागेल, मॅडमना खुलासा द्यावा लागेल, तो कुणी आणला ते निघेल. कशाला? हे खोड, स्कोरिया लिही. चारपैकी चार देतो."

मामा चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, कपांकडे बघत होते.

मला मामांची नोकरी आठवली म्हणून मी खोडलं, असं लिहिता आलं असतं. थोडं ते होतंच. पण मला ते चार मार्क हवे होते. मी 'क्लिंकर'वर आडवी रेघ मारली, खालच्या दोन ओळींवरही मारली, आणि वर लिहिलं 'स्कोरिया'. सरांनी खाडाखोडीपाशी सही केली.

"हुशार आहेस," ते म्हणाले. "आता सांग, यात ही भोकं कशी पडली?"

आणि मी सांगितलं. लाव्हा वर येताना दाब कमी होतो, विरघळलेले वायू बाहेर पडतात, बुडबुडे अडकतात, दगड लवकर गोठतो म्हणून कण दिसत नाहीत, रंग काळा कारण सिलिका कमी. न अडखळता सांगितलं. एरवी तोंडीत मी प्रत्येक वाक्याला अडखळते. सांगताना माझी नजर तारेवर होती. सर बिस्किट चहात बुडवत मान हलवत होते, मॅडम मान हलवत होत्या. बिस्किटाचा तुकडा कपात पडला, तो सरांनी बोटानं काढून खाल्ला. त्याच बोटांनी मघाशी दगड धरला होता. मला त्यांची किळस आली, पण ती माझ्या आवाजाच्या किळशीपुढं काहीच नव्हती. तो आवाज आमच्या वर्गातल्या सगळ्यांच्या वर्णनांसारखा होता, अचूक.

त्या रविवारी घरी गेले. दुपारी जेवायला बसलो तोच आप्पांनी विचारलं, "आलता का आपला किलिंकर?"

"आला होता."

"लिवलं?"

"लिहिलं."

ते आईकडे वळले. "बग. म्हनलं न्हवतं?" आणि त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मला ती तोडता येईना.

"आप्पा, लिहिलं, आणि मग खोडलं. सर म्हणाले, यादीत स्कोरिया आहे. मग मी तेच लिहिलं."

मला वाटलं ते चिडतील. निदान गप्प होतील. ते चावत राहिले.

"मार्क पडलं न्हवं?"

"पडतील. चारपैकी चार."

"मग झालं की. यवडं त्वांड कशाला पाडतीस? आमी बी तसंच करतो. दर तासाला परेशर लिवायचं असतं वहीत, पान्याची पातळी लिवायची. कोण लिवतंय तासातासाला? पाळी सुटताना आटी तासाचं एकदम लिवायचं."

मी हातातला घास खाली ठेवला. आप्पा ज्या बॉयलरसमोर उभे असतात तो मी पाहिला आहे. त्याच्यापासून वीस हातांवर उभं राहिलं तरी चेहरा भाजतो.

"न बघता लिहिता?"

"बगतो की. कानानं. आवाज बदलला की कळतंय, पानी कमी हाय का परेशर चडलंय. इतकी वर्सं काय झोपा काडल्या व्हय?"

"मग ते लिहा ना."

"कसं लिवणार? आवाजाचा रकाना न्हाय त्यात."

आई म्हणाली, "जेवा आता, काय लावलंय दोघांनी." आम्ही जेवलो. मला त्या वहीची घाण वाटत होती आणि आप्पांच्या कानावर मात्र पूर्ण विश्वास होता, आणि या दोन गोष्टी एकाच माणसाबद्दल एकाच वेळी कशा वाटतात हे मला अजून नीट सांगता येत नाही. ते हात धुवायला उठले तेव्हा जाता जाता म्हणाले, "खोडलं ते काय चांगलं न्हाय केलंस, पर."

निकाल लागला. प्रॅक्टिकलला वर्गात मी दुसरी आले. एम.एस्सी.च्या यादीत माझं नाव आहे, शेवटून तिसरं. चार मार्क कमी असते तर ते नसतं, याची मी मैत्रिणीच्या मोबाइलवर बघून खात्री करून घेतली. बावीस नंबर कपाटात आहे. मॅडमनी बदललेला नाही, आणि मी त्यांना आठवण करून दिलेली नाही.

आईनं पेढे आणले होते. गल्लीत वाटायला चल म्हणाली. मी नको म्हणाले. तिला वाटलं मी लाजतेय, म्हणून ती पुडा घेऊन एकटीच निघाली. आप्पा उंबऱ्यात बसले होते. त्यांनी तिच्या हातातून पुडा काढून घेतला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आज नको," आणि घरात नेऊन फडताळात ठेवून दिला.